मुलांसोबत कोणता सिनेमा पाहावा, हे तुम्ही कसं ठरवता? ख्रिस्ती पालकांचे अनुभव

पालकसभेत हा विषय नेहमी निघतो आणि नेहमी अर्धवट राहतो, म्हणून इथे मांडते. सर्टिफिकेट पाहून ठरवता, आधी स्वतः पाहून, की मंडळीतल्या कुणी चांगला म्हटला म्हणून? बायबलमधलं फिलिप्पैकर ४:८ (जे सत्य, शुद्ध, प्रशंसनीय, त्याचाच विचार करा) सगळ्यांना पाठ आहे, ते परत लिहू नका. घरात, रिमोट हातात असताना ते कसं वापरलंत ते लिहा. माझ्यापुरतं सांगायचं तर मी शिव्या मोजणं सोडून दिलंय. सिनेमाने आपल्याला कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवायला लावल्या, एवढंच मुलांना विचारते.

दोन मुलांचा बाबा

टाळ्यांवरून आठवलं. एक सिनेमा आम्ही अगदी निर्धास्तपणे लावला होता. शिवी नाही, अंगप्रदर्शन नाही, दारूसुद्धा नाही. नायकाच्या भावाला मारतात आणि मग उरलेला सगळा वेळ नायक एकेकाला गाठून संपवतो. शेवटच्या गुंडाने हात जोडले, तेव्हा माझा धाकटा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता, "सोडू नको त्याला, सोडू नको!" मी सिनेमा थांबवला. म्हटलं, तो माफी मागतोय की. तर म्हणाला, "पण बाबा, आधी त्यानेच मारलं होतं ना!" रोमकर १२ मध्ये पौल सूड देवावर सोडायला सांगतो, ते त्याला समजावता समजावता माझाच घसा कोरडा पडला, कारण दोन मिनिटांपूर्वी मीही मनातल्या मनात तेच ओरडत होतो. असल्या गोष्टीची सूचना कुठल्या सर्टिफिकेटवर छापणार?

जुन्या सिनेमांचा नादिष्ट

छापायचा प्रयत्न झालाय. हॉलिवूडने १९३० साली जी आचारसंहिता स्वीकारली, तिचा मसुदा मार्टिन क्विग्ली हे कॅथलिक प्रकाशक आणि डॅनियल लॉर्ड हे जेझुइट धर्मगुरू यांनी केला होता. प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याकडे किंवा पापाकडे झुकता कामा नये, हे त्यातलं मूळ तत्त्व. १९३४ पासून ती कडकपणे लागू झाली. तत्त्व मला आजही पटतं. पण त्याच संहितेत गोऱ्या आणि काळ्या माणसांमधले संबंध पडद्यावर दाखवायलाही बंदी होती! म्हणजे समाजाचं पाप नैतिकतेच्या यादीत जाऊन बसलं आणि भल्याभल्यांना ते खटकलं नाही. १९६८ साली संहिता गेली आणि वयानुसार वर्गवारी आली. हे कळल्यापासून मी कुणाचीही यादी डोळे मिटून घेत नाही, चर्चची असली तरी.

कामावरून थकून येणारी आई

एवढ्या खोलात जायला वेळ कुणाला आहे? मला यादी हवीच. ख्रिस्ती परीक्षणांत शिव्या, हिंसा, नग्नता, व्यसन असे रकाने असतात, ते पाच मिनिटांत वाचून होतात. एक रकाना मात्र कुठे सापडत नाही: आईवडिलांची टिंगल. बाप मूर्ख, आई कटकटी आणि दहा वर्षांचं पोरगं शहाणं, यावर सबंध विनोदी सिनेमा उभा असतो आणि वर "कौटुंबिक" म्हणून मिरवतो. दहा आज्ञांपैकी पाचवी, आईवडिलांचा मान राख (कॅथलिक मोजणीत चौथी), कुणी मोजतच नाही.

सोळा वर्षांची मुलगी

मोठ्यांच्या धाग्यात घुसतेय, सॉरी. आमच्याकडे चुंबन आलं की आई रिमोट शोधते. रिमोट सापडेपर्यंत सीन संपलेला असतो आणि ती पुढचा महत्त्वाचा सीन पळवते. त्याच सिनेमात वीसेक माणसं गोळ्या खाऊन पडली, तेव्हा आईबाबा दोघंही निवांत बसले होते. आणि चुंबन घेणारं जोडपं तर नवरा-बायको होतं! मला विचाराल तर पळवू नका, बोला. लाजलात तरी चालेल, आम्हीही लाजतोच.

(धागा काढणारी)

सॉरी कशाला, घुसलीस ते बरं केलंस. आमच्याही घरात रिमोटचं हेच होतं.

कॅटेकिझम (मुलांचं धर्मशिक्षण) शिकवणारी

"योग्य" आणि "लहान मुलांसाठी योग्य" हे दोन प्रश्न आपण एकत्र करतोय. 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' २००४ साली आला, तेव्हा अमेरिकेत त्याला हिंसेमुळे 'आर' मिळालं होतं, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलाबरोबर पालक किंवा मोठं माणूस हवंच. तरी चर्चचे गटच्या गट तो पाहायला गेले. माझ्या वर्गातल्या लहान मुलांना तो दाखवू या, असा आग्रह झाला तेव्हा मी नाही म्हटलं. विषय येशूचा असला तरी चाबकाचे ते फटके आठ वर्षांच्या पोराला झोपू देणार नाहीत. दुसरीकडे, सिनेमाला शंभर वर्षं झाली म्हणून व्हॅटिकनने १९९५ साली ४५ चित्रपटांची यादी केली: धर्म, मूल्यं आणि कला असे तीन गट. मूल्यांच्या गटात 'गांधी' आहे आणि 'शिंडलर्स लिस्ट'सुद्धा, जो अमेरिकेत 'आर' आहे. मोठ्या मुलांबरोबर तो जरूर पाहा, धाकटी झोपल्यावर.

नाव नको

उलटी तक्रार. खास ख्रिस्ती म्हणून काढलेले सिनेमेही तपासा की! त्यातल्या काहींत देव न मानणारा माणूस हमखास गर्विष्ठ किंवा दुष्ट असतो आणि शेवटी रडून शरण येतो. माझ्या मुलीने विचारलं, "शेजारचे काका देव मानत नाहीत, मग ते असे का नाहीत?" शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा पटकथा लिहिणाऱ्यालाही लागू आहे, असं माझं मत.

मोठ्या कुटुंबातला मामा

आमच्याकडे जादूगारांच्या गोष्टी चालतात, बहिणीकडे अजिबात नाहीत. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या १८व्या अध्यायातली मंत्रतंत्राची मनाई ती जशीच्या तशी धरते. मला त्यात परीकथेपलीकडे काही दिसत नाही. यावरून आम्ही पुष्कळ भांडलो. शेवटी रोमकर १४ काढून बसलो, तो मांस खाणाऱ्यांनी आणि न खाणाऱ्यांनी एकमेकांना दोष लावू नये, असं सांगणारा अध्याय. आता भाचरं आली की जादूचा सिनेमा लागत नाही आणि माझी पोरं कुरकुर करत का होईना, ऐकतात. तिच्याकडे मारधाडीचे सिनेमे चालतात, आम्हाला ते नको असतात, तर आम्ही गेलो की तीही ते लावत नाही. कोणाचं बरोबर, यावर आमचं अजून जमलेलं नाही. मुलं म्हणतात, तुमचं मिटेपर्यंत आम्ही बाहेर खेळतो.