४×५ कॅमेरा हातात धरून वापरताना: रेंजफाइंडर जुळतो, तरी चेहरा धूसर का येतो?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)

नमस्कार. माझ्याकडे ४×५ इंची फिल्मचा, माथ्यावर रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस ठरवण्याचे साधन) असलेला क्राउन ग्राफिक कॅमेरा आहे. वडगावच्या हातमाग विणकरांची छायाचित्रे ते मागावर बसलेले असताना, ट्रायपॉड न लावता काढावीत, या हेतूने तो घेतला. मूळच्या १३५ मिमी झेनार लेन्सचे शटर अडकू लागल्याने मी तिच्या जागी १५० मिमी सिम्मार-एस बसवली आणि रुळांवरचे इन्फिनिटी स्टॉप (अगदी दूरच्या दृश्यासाठी लेन्स जिथे थांबते ते अडसर) तिच्याप्रमाणे सरकवून घेतले. राजहंसगडाचा बुरूज दुरून रेखीव येतो. परंतु विणकर दोन मीटरवर असला, की रेंजफाइंडरमधील दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसूनही चेहरा धूसर येतो आणि पाठीमागे खुंटीला टांगलेल्या सुताच्या लडी मात्र धागा न् धागा मोजावा इतक्या स्पष्ट येतात. एका दुकानात दाखवले, तेव्हा "हात हलला असेल" असे सांगण्यात आले. पण मग लडीही पुसट यायला हव्या होत्या. दोष कशात असावा? आणि पुढची लेन्स ९० मिमी घ्यावी की २१०?

उत्तर (निपाणी)

आपले निरीक्षण अचूक आहे आणि उत्तरही त्यातच आहे. या कॅमेऱ्याच्या रेंजफाइंडरमध्ये एक छोटा कॅम (लेन्सची हालचाल रेंजफाइंडरला पोचवणारा, ठरावीक आकाराचा धातूचा तुकडा) असतो, आणि तो ठरावीक फोकल लेंग्थसाठीच (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्यासाठीच) कापलेला असतो. आपल्या कॅमेऱ्यात बहुधा अजून १३५ चाच कॅम आहे. दोन मीटरवर फोकस करण्यासाठी १३५ मिमी लेन्स इन्फिनिटीपासून सुमारे ९.८ मिमी पुढे यावी लागते, तर १५० मिमीला जवळपास १२.२ मिमी लागतात. कॅम आपल्या हिशेबाने ९.८ वरच "जुळले" असे दाखवतो, त्यामुळे १५० चा फोकस साधारण २.४५ मीटरवर, म्हणजे नेमका त्या लडींवर पडतो. एफ ५.६ ला (एफ हे अपर्चरचे, म्हणजे लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा लहान तितके छिद्र मोठे) दोन मीटरवर फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट येणारा पट्टा, पुढे-मागे मिळून जेमतेम २० सेंटिमीटर असते. एवढी चूक तीत झाकली जाणे शक्य नाही. इन्फिनिटीला लेन्स पुढे आणावीच लागत नसल्याने बुरूज मात्र बिनचूक येतो.

खात्रीसाठी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, लेन्सपासून टेपने दोन मीटर मोजून छापील कागद लावा, अपर्चर पूर्ण उघडा, रेंजफाइंडरने जुळवा आणि मग ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्याच्या पाठीमागची, प्रतिमा दिसणारी घासलेली काच) भिंग लावून पाहा. दूरचे बरोबर आणि जवळचे चूक असेल तर कॅम बदला. दोन्ही चूक असतील तर आधी स्टॉप तपासा. लिनहॉफ टेक्निका या कॅमेऱ्यात तर कॅम त्या त्या लेन्सला जुळवूनच घासलेला असतो, म्हणून जुनी लेन्स घेताना तिचा कॅम सोबत आहे का, हे किमतीच्याही आधी विचारावे.

उत्तर (खानापूर)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. लेन्सच्या निवडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: हातात धरायचे असेल तर २१० चा नाद सोडावा. तिच्यात हाताचा कंप अधिक जाणवतो आणि फोकसची खोली आणखी कमी होते. ९० मिमी एफ १६ ला पाच मीटरवर लावून ठेवली, तर अडीच मीटरपासून अनंतापर्यंत सारे चालण्याजोगे स्पष्ट येते आणि रेंजफाइंडरची गरजच उरत नाही. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत, दिवसाउजेडी, मला तिचा फार उपयोग झाला. मात्र ४०० आयएसओच्या फिल्मवर एफ १६ ला १/४०० सेकंद हे गणित कडक उन्हाचे आहे. आमच्याकडच्या पावसाळी आभाळाखाली तेच एफ ५.६ वर येते, आणि मागाच्या खोलीत तर १/६० मिळाला तरी पुष्कळ. तिथे झेनारचे एफ ४.७ आपल्याला अधिक साथ देईल. माझा सल्ला असा, की नवी लेन्स घेण्याऐवजी झेनारचे शटर साफ करून घ्यावे. जुन्या शटरमध्ये बहुधा वंगण घट्ट झालेले असते.

प्रश्नकर्ता (शहापूर)

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री टेप लावून पाहिले. दोन मीटरवरचा कागद वाचता येईना. तो मागे सरकवत नेला, तेव्हा २ मीटर ४३ सेंटिमीटरवर अक्षरे लख्ख दिसली. झेनार शटरच्या सफाईसाठी काढून ठेवली आहे आणि सिम्मार तूर्त ट्रायपॉडवरच, ग्राउंड ग्लास पाहून वापरीन. धोटा फेकतानाचा विणकराचा हात आणि त्याची नजर एकाच चित्रात स्पष्ट हवी आहे, एफ ४.७ ला दोन्ही साधणार नाही, म्हणून ज्यांचा माग खिडकीजवळ आहे ते घर आधी गाठतो.