मदत हवी आहे: अमेरिकन स्टडीजमध्ये पीएचडी, कोणी केलीय का?

नमस्कार मंडळी, इंग्रजीत एमए आणि नेट झालंय, सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. आता अमेरिकन स्टडीजमध्ये, म्हणजे अमेरिकेचा समाज, संस्कृती, इतिहास या विषयात, अमेरिकेतच पीएचडी करायचं डोक्यात बसलंय. घरचे म्हणतात अमेरिकेत जाऊन अमेरिकाच शिकायची? काका तर अजून डेटा सायन्सवरच अडून बसलेत.

विषय असा की १९६६ ला अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर ही कृष्णवर्णीयांची संघटना निघाली आणि १९७२ ला आपल्या मुंबईत दलित पँथर, तर तिकडच्या कृष्णवर्णीयांची स्वतःबद्दलची भाषा इकडे येताना काय झाली ते बघायचंय. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकन कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइसना लिहिलेलं पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ऑनलाइन संग्रहात आहे, छोटंसंच आहे, पण झूम करून तीनदा वाचलं आणि तेव्हापासून हेच सुरू आहे.

आता अडचण. हा विषय अमेरिकन स्टडीजमध्ये बसतो की इतिहास विभागात? येल, ब्राउन, मिनेसोटा ही विद्यापीठं बघितलीत. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप बघितली तर ती इथे पीएचडीला आधीच रजिस्टर असलेल्यांसाठी, म्हणजे माझ्या उपयोगाची नाही. टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून शिकवून मिळणाऱ्या स्टायपेंडमध्ये खरंच भागतं का हो?

आणि एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं स्टेटमेंट ऑफ पर्पज! पहिलं वाक्य अकरा वेळा खोडलंय, दर वेळी शाळेतल्या निबंधासारखंच होतं. मराठीतली साधनं मीच भाषांतर करून वापरणार हे त्यात लिहावं की नको? बऱ्याच ठिकाणी डिसेंबरमध्ये डेडलाइन आहे, कोणी ड्राफ्ट वाचून झापणार असेल तर प्लीज सांगा.