गुण हाताचा की आणखी कशाचा?

खाडीकाठची, गुहागर तालुका:

माझी मुलगी 32व्या आठवड्यात झाली, आषाढातल्या मुसळधार रात्री. वजन 1520 ग्रॅम. 22 दिवस काचेच्या पेटीत होती, घरी आणली तेव्हा 1790 भरली. आज ती 45 दिवसांची आहे.

घरचे पहिले अकरा दिवस फार वाईट गेले. वाटी-चमच्याने पाजायचं, निम्मं दूध हनुवटीवरून ओघळायचं. नवरा बोटीवर. गावच्या आशा सेविकेने झोळीच्या काट्यावर वजन केलं तर जेमतेम 2 किलो. मी रडले. मग शेजारणीने एक थेरपिस्ट सुचवले. ते तेल लावत नाहीत, चोळत नाहीत. एक हात डोक्यामागे, एक कमरेखाली ठेवून वीस मिनिटं जवळजवळ स्थिर बसतात. एका खेपेचे 700 रुपये. बारा दिवसांत चार खेपा झाल्या. याच दिवसांत माझी आई माहेराहून आली, बाळ अंगावर प्यायला लागलं, आणि आज थेरपिस्टच्या काट्यावर वजन भरलं 2450. आधी रोज 19 ग्रॅम वाढत होती, आता 37. सासूबाई म्हणतात, त्यांच्या हाताला गुण आहे.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, म्हणून त्यांना विचारलं, हा प्लासिबो, म्हणजे उपचाराचा नव्हे तर नुसत्या विश्वासाचा गुण, तर नसेल? ते म्हणाले, "मोठ्या माणसाला बरं वाटेल अशी आशा असते. एवढ्याशा जिवाला कसली आशा? बाळावर प्लासिबो चालतच नाही, म्हणजे फरक दिसतो तो उपचाराचाच." मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून ते बोलणं डोक्यातून जात नाही. खरंच असं असतं का? आणि अशा हाताच्या उपचाराची चाचणी घ्यायची तर घेतात कशी? त्यांनी अजून आठ खेपा सांगितल्या आहेत.

माडाखालची आजी, मालवण:

बाय, माझो नातू आठव्या म्हयन्यात झालो. आम्ही काय चोळूक नाय. सुनेन त्याका छातीक बांधून ठेवल्यान, दिवस-रात. तुझ्या चेडवाक पयला तां कर. हाताचो गुण मागसून बघ.

रात्रपाळी, रत्नागिरी जिल्हा:

ताई, मी चौदा वर्षं नवजात कक्षात नर्स आहे. आधी तुमचे आकडे घेते, कारण त्यावरच सगळं उभं आहे.

तीन वजनं, तीन वेगळे काटे. झोळीच्या काट्यात 100 ग्रॅम इकडेतिकडे सहज होतात, त्यातून बाळ हातपाय हलवत असेल तर काटा स्थिरच होत नाही. समजा, त्या दिवशी ती 2000 नव्हे, 2100 होती. मग आधीचे अकरा दिवस रोज 28 ग्रॅम आणि नंतरचे बारा दिवस रोज 29. फरक उरतच नाही. मी म्हणत नाही की असंच झालं. पण एका काट्याच्या चुकीत अख्खा गुण मावतो, एवढं बघा. शिवाय बाळ अंगावर प्यायला लागलं हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. ते मला सगळ्यात मोठं वाटतं. आई आली, तुमची झोप झाली, दूध वाढलं. आणि 34 आठवड्यांच्या आसपास चोखणं, गिळणं, श्वास घेणं हे तिन्ही एका तालात येऊ लागतं. तुमची लेक आता पोटात असती तर अडतिसाव्या आठवड्यात असती. हे तिचं तिचं चाललं आहे.

आता आशेचं. बाळाला आशा नसते हे खरं, पण आमच्याकडे असते ना. एका रात्रीची गोष्ट सांगते. दोन बाळं शेजारी शेजारी, दोघांची वजनं सारखीच. एकाची आजी रोज अंगारा पाठवायची, आणि सगळा वॉर्ड म्हणायचा, हे बाळ चिवट आहे. त्या बाळाच्या ऑक्सिजनचा आकडा उतरला की मी दहा सेकंद थांबायचे, आपलं आपण सावरेल म्हणून. दुसऱ्याचा उतरला की लगेच हात लावायचे आणि वहीत नोंद करायचे. सकाळी वहीत दुसरं बाळ जास्त आजारी दिसत होतं. ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा अंगावर काटा आला. दूध 2 मिली वाढवायचं की नाही, घरी सोडायचं की आणखी एक दिवस ठेवायचं, हे सगळं कुणीतरी बघून ठरवतं. बघणाऱ्याला उपचार कुणाला झाला हे माहीत असेल तर त्याची आशा बाळाच्या कागदात उतरते.

आणि एक, कृपया याचं उत्तर द्या. डोळ्यांच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी झाली का? 34 आठवड्यांच्या आत किंवा 2 किलोच्या खाली जन्मलेल्या बाळाची ती 30 दिवसांच्या आत व्हायला हवी.

आकडेमोड, देवगड:

मी वैद्यकीय संख्याशास्त्र शिकवतो. रात्रपाळीताई म्हणतात त्या गोष्टीचा तीन गट करून अभ्यास झालेला आहे. 2014 साली अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. खोकला झालेली 2 ते 47 महिन्यांची मुलं. काहींना अगेव्ह नावाच्या वनस्पतीचा गोड रस, काहींना रंग आणि चव घातलेलं पाणी, काहींना काहीच नाही. रस आणि पाणी सारखेच ठरले, पण दोन्ही 'काहीच नाही'पेक्षा सरस. आणि हे सांगितलं कुणी, तर आईबापांनी. तेव्हा लहान बाळावर प्लासिबो चालत नाही हे विधान टिकत नाही. तो पाळण्याच्या बाहेरून चालतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर हाताच्या उपचाराच्या चाचण्या झाल्या आहेत. इटलीत तीन रुग्णालयांतल्या 695 बाळांवर ऑस्टिओपथीचा, म्हणजे नुसत्या हातांनी करायच्या एका उपचारपद्धतीचा, अभ्यास झाला, 2015 मध्ये छापून आला. उपचार मिळालेली बाळं सरासरी सुमारे 4 दिवस आधी घरी गेली. आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण तुलनेतल्या बाळांना फक्त नेहमीची सेवा होती, लुटुपुटीचा उपचार नव्हता. मग ते 4 दिवस त्या विशिष्ट तंत्राचे, की कुणीतरी निवांत हात ठेवून बसल्याचे, हे त्यातून सुटत नाही.

खरी अडचण इथेच आहे. गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते. हाताच्या जागी काय देणार? नुसता ठेवलेला हातही उबदार असतो. 1986 मध्ये अमेरिकेत 40 अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अभ्यासात 15 मिनिटं, दिवसातून तीन वेळा, दहा दिवस अंगावरून हात फिरवून हातपाय हलवले, तर त्यांचं वजन रोज 47 टक्के जास्त वाढलं. स्पर्श हा मुळात पोकळ नव्हेच. म्हणून निदान तीन गट हवेत: पहिल्यात काहीच नाही; दुसऱ्यात तेवढाच वेळ, तेवढाच स्थिर हात, पण तंत्र न शिकलेल्या माणसाचा; आणि तिसऱ्यात खरा उपचार. मध्ये पडदा. वजन करणारी नर्स, घरी सोडणारे डॉक्टर आणि आई, तिघांनाही कोण कुठल्या गटात हे माहीत नको. दुसरा आणि तिसरा गट सारखेच निघाले तर तुम्ही 700 रुपये स्पर्शाचे देताय, आणि तो घरात फुकट आहे.

आपल्या खोबरेलाचंच बघा. मुंबईत शीवच्या रुग्णालयातला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला: काही बाळांना खोबरेल, काहींना खनिज तेल आणि प्लासिबो म्हणून काहींना पावडर लावून मालिश. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत खोबरेलवाल्यांचं वजन जास्त वेगाने वाढलं. तिन्ही गटांना हात लागलाच होता, म्हणून तो अभ्यास तेलाबद्दल बोलतो, हाताबद्दल नाही. आणि खोबरेलाचा वास काही लपत नाही, तिथे पडदा धरणं कठीणच.

रात्रपाळी:

पटलं. फक्त मालवणच्या आजींचं मागे पडू नये. छातीशी त्वचेला त्वचा लावून धरण्याचं पाठबळ फार मोठं आहे. 2021 मध्ये भारतासह पाच देशांतल्या 3211 बाळांचा अभ्यास आला. 1 ते 1.8 किलोच्या आतली बाळं. जन्मल्याबरोबर धरलेल्यांत 28 दिवसांतले मृत्यू 12 टक्के, नंतर धरलेल्यांत 15.7. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवली. ताई, लेक कुरकुरू लागेपर्यंत धरत राहा. थेरपिस्ट मान वळवत नसतील, जोर लावत नसतील तर त्या स्थिर हाताने इजा होईल असं मला वाटत नाही. पण डोळ्यांचं सांगा.

खाडीकाठची:

दोन दिवस लिहिता आलं नाही. पहिली तपासणी इस्पितळात नेऊन 26व्या दिवशी झाली होती. दुसरी गेल्या गुरुवारी होती. त्याच दिवशी थेरपिस्ट येणार होते आणि पाऊस होता, म्हणून मी पुढे ढकलली. रात्रपाळीताईंचं वाचलं तेव्हा हातपाय गार पडले. पहाटे फोन लावला, उद्या अकराची वेळ मिळाली. आई बरोबर येते आहे.

थेरपिस्टना आठ खेपा नको म्हणून कळवलं. ते रागावले नाहीत. मी विचारलं, आमच्या शेजारणीने तसाच हात ठेवला आणि तुम्ही पडद्याआड बसलात तर? ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

आज सकाळी उपकेंद्रातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, दूध पाजण्याआधी, उघडी ठेवून वजन केलं. 2380. आता आठ दिवसांनी तिथेच, त्याच वेळी. सासूबाईंनी जुन्या सुती लुगड्याचा पट्टा शिवला आहे. दुपारी त्यांनी स्वतःच तिला छातीशी घेतलं, दीड तास हलल्या नाहीत.

रात्रपाळीताई, उद्या दीड तासाचा रस्ता आहे, खड्ड्यांचा. गाडीत पट्ट्यात बांधून नेऊ ना, की मध्ये मध्ये सोडवून बघायला हवं?