दखल घेतात हो, पण कशाची?
वर दोघांनी लिहिलंय की मराठी पेपर लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट नि खुल्या संगणक प्रणालीची, दखलच घेत नाहीत. मला तसं नाही वाटत. घेतात की, पण 'स्वदेशी' हा शब्द दिसला तरच! २०२३च्या ऑगस्टमधली संरक्षण मंत्रालयाच्या 'माया' या संगणक प्रणालीची बातमी आठवा. मथळ्यात विंडोजला भारतीय पर्याय, आणि ती उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकारावर बेतलेली आहे हे शोधायला खाली उतरावं लागायचं. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची 'बॉस' प्रणालीही डेबियन या लिनक्सवरच उभी आहे, पण ते किती जणांना ठाऊक?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले, तेव्हा लिनक्सबद्दल लिहायची खरी संधी होती. माझ्या वाचनात आलेल्या बातम्यांचा सल्ला एकच, नवा पीसी घ्या. इकडे देवगडात एका मित्राचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या चार जीबी रॅमच्या जुन्या डब्यावर लिनक्स मिंट टाकलंय. सातबारा काढणं, आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापणं, सगळं झकास चालतं. घोडं अडलं ते जत्रेच्या पत्रिकेवर. गेल्या वर्षीची फाइल युनिकोडच्या (कुठल्याही संगणकावर मराठी दिसावं म्हणून ठरलेल्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फाँटमधली, त्यामुळे उघडल्यावर देवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची भेळ. शेवटी इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर अख्खा मजकूर पुन्हा बडवला. गावोगावच्या डीटीपीवाल्यांना छळणारी ही गोष्ट, पण त्यावर कुणी चार ओळी लिहील तर शपथ.

केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं उबुंटूवर बेतलेली प्रणाली चालते. तिथल्या एखाद्या शिक्षकाला नुसता फोन लावला तरी रविवार पुरवणीचं पान भरेल.