प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत

कात्रजची सून:
ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. मी बाहेर बाकावर बसून राहते. पूर्वी तांबड्या जोगेश्वरीपुढे हात जोडले की आपोआप बोलणं व्हायचं. आता नुसतं 'देवी' म्हणते, पुढे काही सुचत नाही. अशा दिवसांत तुम्ही काय केलंत?

शनिवारातली आजी:
अगं बाळा, 'देवी' म्हणालीस ना, झाली प्रार्थना! आमचे हे गेले तेव्हा माझी वाचाच बसली होती. मग मी पसायदान धरलं. 1290 साली नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी झाली, तिच्या शेवटचं हे मागणं. त्यात माउलींनी दुष्टांचा दुष्टपणा जावो म्हटलं, ज्याला जे हवं ते मिळो म्हटलं. ओंकारेश्वराच्या पायरीवर बसून मी एकेक ओवी सावकाश म्हणायची. पुजारीबुवा गाभारा धूत असायचे, कळशीतलं पाणी पायरीपर्यंत यायचं. मध्येच रडू आलं तर रडायची. दुसऱ्यांसाठी मागता मागता छातीवरचं ओझं हलतं गं. त्या बाकावर इतरांचीही माणसं बसलेली असतील, त्यांच्यासाठी माग.

धनकवडीचा टाळकरी:
ताई, एकादशीला आळंदीला या. शब्द नसले तरी चालतात, टाळ धरा, बाकीचे गातातच.

हडपसरची सिस्टर:
प्रार्थना चालू ठेवाच. पण झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर 14416 लावा. सरकारची टेली मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास. मराठीतून बोलता येतं. आणि जेवण चुकवू नका.