मदत हवी आहे : क्लबच्या मॅचसाठी परवडणारं सेमी-ऑटो पिस्तूल (५०० डॉलरपर्यंत)

चिंतोपंत
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. पिस्तूल घ्यायचंय. सेमी-ऑटोच, रिव्हॉल्व्हर नको. बजेट ५०० डॉलर, फार ताणलं तर ५५०. काम दोनच: रेंजवर सराव आणि क्लबात दर आठवड्याला मॅच असते, तिच्यात उतरायचंय. भाड्याच्या पिस्तुलांवर चार वेळा हात साफ करून झालाय, अगदीच नवखा नाही. नेटवर वाचून डोकं भणभणलं. एक म्हणतो ग्लॉक, दुसरा म्हणतो ग्लॉक सोडून काहीही. दुकानदार पडून असलेलं काहीतरी गळ्यात मारायला बघतोय. ९ एमएमच्या गोळीचं घेऊ की छोट्या पॉइंट टू-टूच्या? मॉडेलचं नाव सांगा. या आठवड्यात ठरवायचंय. 'कशाला हवंय' हे विचारू नका, घरी विचारून झालंय.

ऑस्टिनकर
कॅनिक. ९ एमएम. विषय संपला. तुझ्या बजेटात कारखान्यातूनच इतका चांगला ट्रिगर दुसऱ्या कुणाचा येत नाही. मी तीन वर्षं यूएसपीएसए (पळत-पळत, घड्याळावर मारायची मॅच) त्याच्यावर मारतोय. १८ गोळ्यांची दोन मॅगझिनं आणखी घेऊन ठेव, पट्टा आणि होल्स्टर घे, शनिवारी मॅचला जा. झालं.

खवट_पुणेकर
कॅनिक म्हणजे तुर्कीचं ना? २०२५ च्या मे महिन्यात इथे मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घ्यायचं बंद केलं, आणि तुम्ही तिकडे बसून तुर्की पिस्तुलांची जाहिरात करा.

ऑस्टिनकर
सफरचंद फेकून यूएसपीएसए मारता येत नाही हो काका.

मिनेसोटा_मावशी
चिंतोपंत, राज्य कोणतं? मॅच कोणती? 'क्लबात मॅच असते' हे 'गावात जेवण असतं' म्हटल्यासारखं झालं. लग्न आहे की तेरावं, ते कळल्याशिवाय काय नेसायचं ते कसं सांगणार?

नाईटवॉचमन
घराच्या रक्षणासाठी पिस्तुलाच्या भानगडीत पडू नका. अंधारात, झोपेतून उठून, घाबरलेल्या हाताने पिस्तूल लागत नाही. १२ बोअरची शॉटगन घ्या.

चिंतोपंत
@नाईटवॉचमन, घरासाठी विचारलंच नाहीये.
मावशी, राज्य न्यू जर्सी, एडिसनजवळ. मॅच गुरुवारी संध्याकाळी असते. कागदावर मारतात. त्याने काय फरक पडतो? पिस्तूल ते पिस्तूल.

ऑस्टिनकर
न्यू जर्सी!! आधी सांगायचं ना. तिथे १० पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन चालत नाही. १८ वालं विसर. पण कॅनिक १० च्या मॅगझिनसह मिळतं, त्यामुळे माझं उत्तर तेच.

रानमेवा
एक महत्त्वाचं कुणीच विचारलं नाही. व्हिसा कोणता? एच-वनवर असाल तर विकत घेणं सोडा, रेंजवर भाड्याचं हातात घेणंसुद्धा फेडरल कायद्यात बसत नाही. अपवाद आहे, शिकारीचं लायसन्स असेल तर. आमच्या ऑफिसातल्या एकाला हे तीन वर्षं रेंजवर जाऊन आल्यावर कळलं. त्यानंतर महिनाभर दारावरची बेल वाजली की दचकायचा.

चिंतोपंत
अहो ग्रीन कार्ड आहे. नसतं तर पिस्तूल घ्यायचं परमिट कसं मिळालं असतं? परमिट हातात आहे म्हणूनच तर घाई आहे. ९० दिवसांची मुदत असते, माझे १९ दिवस उरलेत.

मिनेसोटा_मावशी
हे आता सांगतोयस? एका परमिटवर एकच पिस्तूल येतं ना तुमच्याकडे? म्हणजे चूक झाली तर पुन्हा अर्ज, पुन्हा वाट. बरं, मुदत आणखी ९० दिवस वाढवून मिळू शकते, पोलीस स्टेशनला फोन करून विचार. घाबरून घेतलेलं पिस्तूल आणि घाबरून केलेली सोयरीक, दोन्ही निस्तरायला जड जातात.
आता मला एवढंच सांग: त्या गुरुवारच्या मॅचला लोक उभे कसे राहतात?

चिंतोपंत
उभे कसे म्हणजे? उभे. बहुतेक म्हातारे आहेत. एका हाताने मारतात, दुसरा हात खिशात. एकाने तर पट्ट्यात अंगठा अडकवला होता. मला वाटलं स्टाइल मारतायत.

मिनेसोटा_मावशी
बुल्सआय! त्याला बुल्सआय म्हणतात रे बाबा. मैदानावर ५० आणि २५ यार्डांवर चालते, तुमच्याकडे रेंज बंदिस्त असेल तर ५० फुटांवर. आधी स्लो फायर, १० मिनिटांत १० गोळ्या. मग टाइम्ड, २० सेकंदांत ५, असं दोनदा. मग रॅपिड, १० सेकंदांत ५, तेही दोनदा. झाल्या ३० गोळ्या, ३०० गुण. टाइम्ड-रॅपिडला मॅगझिनमध्ये पाचच भरायच्या, म्हणजे तुमचा दहाचा कायदा इथे आडवा येतच नाही.
आणि ही मॅच पॉइंट टू-टूवर शिकायची असते. ९ एमएमचा झटका एका हाताने सावरत १० सेकंदांत ५ मारून बघ, पाचवी गोळी कुठे जाते ते त्या गोळीलाही कळत नाही.

ऑस्टिनकर
म्हाताऱ्यांचा खेळ आहे तो. चिंतोपंत, त्यापेक्षा स्टील चॅलेंज शोध. लोखंडी ताटल्या, टण्ण करून वाजतात, वेळ हाच स्कोअर. बहुतेक स्टेजना पाच फेऱ्या, सगळ्यात वाईट फेरी सोडून देतात. त्यात पॉइंट टू-टूचा वेगळा विभाग आहे, होल्स्टरसुद्धा लागत नाही. कागदाला भोकं पाडून पुढे जाऊन मोजत बसायचं, यात काय मजा?

मिनेसोटा_मावशी
मी ५८ वर्षांची आहे आणि ते भोक मोजण्यातच मजा आहे. त्याने त्याच्या क्लबातल्या मॅचबद्दल विचारलंय, तुझ्या नाही.

कोल्हापुरी_तिखट
पिस्तुलाचा विषय आणि कोल्हापूरचं नाव नाही, असं कसं? आमची राही सरनोबत, २०१८ च्या एशियाडला २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण. पॉइंट टू-टूच! मावशी म्हणतात ते बरोबर आहे. आमच्या स्वप्निल कुसाळेनेही २०२४ ला पॅरिसमध्ये पिस्तुलात ब्राँझ आणलं.

खवट_पुणेकर
स्वप्निलने रायफलमध्ये आणलं. ५० मीटर थ्री पोझिशन. पिस्तुलात मनू भाकर. स्वतःच्या जिल्ह्याचं तरी नीट लक्षात ठेवा.

कोल्हापुरी_तिखट
बरं, रायफल. पदक तर आमच्या कांबळवाडीतच आलं ना? पुण्यात किती आली?
अवांतर: खिशात हात घालून पॅरिसला रौप्य नेलं तो युसुफ डिकेच तुर्कीचाच. त्याच्यावरही बहिष्कार घालायचा का?

खवट_पुणेकर
त्याचं पदक मी विकत घेत नाहीये.

जुनं_ते_सोनं
आजच्या प्लास्टिकच्या जमान्यात कुणाला सांगून उपयोग नाही, तरी सांगतो. जुनी हाय स्टँडर्ड बघा, कनेक्टिकटमधल्या हॅमडेनच्या कारखान्यातली. ट्रिगर असा सुटतो की काचेची काडी मोडावी. माझ्याकडे दोन आहेत.

मिनेसोटा_मावशी
काका, पिस्तूल सुरेखच आहे, पण मॅगझिनचे ओठ केसभर वाकले की गोळी नाकावर आपटते. ते पक्कड घेऊन जुळवत बसणं तुम्हाला आवडतं. याला पहिलंच पिस्तूल घ्यायचंय.

जुनं_ते_सोनं
केसभर वाकू द्यायचेच नाहीत. मॅगझिन हापटून बसवणाऱ्यांची ही तक्रार असते.

चिंतोपंत
मंडळी, मॉडेल!! १७ दिवस उरले.

मिनेसोटा_मावशी
सांगते. तुझ्या पैशात तीन नावं: रुगर मार्क ४ टार्गेट, ब्राउनिंग बक मार्क आणि स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी. तिन्हींची नळी जागची हलत नाही, मागचा बोल्टच तेवढा मागेपुढे होतो, म्हणून नेम धरून राहतो. मी स्वतः मार्क ४ म्हणेन, ५.५ इंची जाड नळीचं. जुन्या मार्क ३ चं साफसफाईनंतर जोडणं म्हणजे शत्रूलाही नको. मी एकदा रविवार दुपार त्यात घालवली आणि शेवटी सगळे तुकडे डब्यात भरून क्लबला नेले. २०१६ ला मार्क ४ आलं, त्यात मागे एक बटण दाबलं की वरचा भाग उघडतो. वापरलेलं मार्क ४ हाताला लागलं तर जून २०१७ आधीचं आहे का ते बघ, सेफ्टीच्या दोषासाठी कंपनीने ते परत मागवले होते. दुरुस्ती झालीय का विचार.
ट्रिगर कारखान्यातून जड येतो, पाचेक पौंडांचा. बुल्सआयला पॉइंट टू-टूचा २ पौंडांपेक्षा हलका चालत नाही, वजन टांगून बघतात. मधे भरपूर जागा आहे, ते काम पुढच्या वर्षी. आधी हात बसू दे.
उजवा की डावखुरा?

चिंतोपंत
डावखुरा. त्यानेही फरक पडतो??

ऑस्टिनकर
🤦 अजून काय काय लपवून ठेवलंयस?

मिनेसोटा_मावशी
पडतो. बक मार्कची सेफ्टी डाव्या अंगाला, उजव्या अंगठ्यासाठी. मार्क ४ टार्गेटला दोन्हीकडून येते, तेवढं दुकानात बघून घे. रिकाम्या पुंगळ्या उजवीकडे उडतात, म्हणजे तुझ्या तोंडासमोरून. चष्मा लाव आणि शर्टाचं वरचं बटण लावून ठेव. गरम पुंगळी गळ्यात गेली की माणूस नाचतो, आणि हातात भरलेलं पिस्तूल घेऊन नाचायचं नसतं.

चिंतोपंत
चष्मा आहेच. प्रोग्रेसिव्ह. ४७ वय. भाड्याच्या पिस्तुलावर मागची खाच दिसते तर पुढचं टोक दिसत नाही, मान वर-खाली करत बसतो.

मिनेसोटा_मावशी
अरे देवा. हे पहिल्या वाक्यात यायला हवं होतं. उघड्या साइटवर मारताना पुढची माशी, म्हणजे तू म्हणतोस ते टोक, स्पष्ट दिसायला हवी, मागची खाच आणि लांबचं काळं वर्तुळ दोन्ही धूसर चालतात. प्रोग्रेसिव्हमध्ये माशी स्पष्ट दिसणारी पट्टी नेमकी मधे कुठेतरी असते, म्हणून मान डोलते. मान डोलली की गेलं. मार्ग दोन: माशीच्या अंतराचा साधा एका नंबरचा चष्मा करून घे, किंवा लाल ठिपक्याची डॉट साइट लाव. मार्क ४ टार्गेटवर डॉटची पट्टी बसवायला भोकं तयार असतात. बुल्सआयला डॉट चालते.

खवट_पुणेकर
पिस्तुलावर माशी कुठून आली?

कोल्हापुरी_तिखट
पुण्यात फक्त शिंकते, म्हणून माहीत नसेल.

चिंतोपंत
पण डॉट घेतली तर ५०० त बसणार नाही!

ऑस्टिनकर
५०० त कुणाचंच बसत नाही रे. गोळ्या धरल्यास का? इकडे ९ एमएम साधारण २५ सेंटला एक पडते, पॉइंट टू-टू ८-१० सेंटला. आठवड्याला दोनशे मारल्यास तर वर्षात फरकाच्या पैशात दुसरं पिस्तूल येतं. (हे मी मावशींच्या बाजूने बोललो, नोंद घ्यावी.) शिवाय कानांना मफ, आणि क्लबची फी.

रानमेवा
आणि न्यू जर्सीत ने-आण करताना रिकामं, कुलूपबंद पेटीत, डिकीत. घर ते रेंज, रेंज ते घर. वाटेत ओक ट्री रोडवर वडापाव खायला थांबू नका. कायदा 'वाजवी कारणाने' वळायला परवानगी देतो, पण वडापाव वाजवी की नाही हे हवालदाराशी वाद घालून ठरवायचं नसतं.

खवट_पुणेकर
वडापाव वाजवीच आहे.

मिनेसोटा_मावशी
घरात मूल आहे?

चिंतोपंत
मुलगी, सहा वर्षांची. तिजोरी घेतलीये, बायकोची अटच होती. किल्ली तिच्याकडे.

मिनेसोटा_मावशी
शहाणी आहे. रेंजवरून आल्यावर मुलीला उचलायच्या आधी हात-तोंड साबणाने, गार पाण्याने धुवायचं, शर्ट वेगळा टाकायचा. गोळीच्या धुरात शिसं असतं.
आणि आता माझं ऐक. दुकानात जाऊ नकोस. या गुरुवारी क्लबात जा, त्या पट्ट्यात अंगठा अडकवणाऱ्या आजोबांना सांग की मला मारून बघायचंय. बुल्सआयवाले पोटात जागा नसताना दुसरा मोदक वाढावा तशी आपली पिस्तुलं हातात देतात. मी पहिल्या मॅचला रॅपिडला तीनच मारू शकले, दोन मॅगझिनमध्येच राहिल्या, आणि तिनातली एक शेजारच्याच्या कागदावर. त्या गृहस्थांनी 'धन्यवाद, मला दहा मिळाले' म्हणून स्वतःचं सुटं पिस्तूल माझ्या हातात दिलं. तेच पुढे मी विकत घेतलं.

चिंतोपंत
(पाच दिवसांनी)
गेलो होतो. आजोबांचं नाव सांगत नाही, पण माणूस भला. चार पिस्तुलं मांडली. बक मार्कची मूठ हातात छान बसली, पण सेफ्टीला अंगठा पोचेना, मावशी म्हणाल्या तेच. मार्क ४ जड लागलं, पोलादी होतं, दहा मिनिटांच्या स्लो फायरमध्ये सहाव्या गोळीला दंड थरथरायला लागला. आजोबा म्हणाले, दहा मिनिटं आहेत, खाली ठेव, श्वास घे, कुणी पळवत नाही. त्यांच्या डॉटमधून बघितल्यावर कळलं मी किती हलतो ते. तो ठिपका गांधीलमाशीसारखा फिरत होता. ३०० पैकी १७१. एक कागदाबाहेर.

कोल्हापुरी_तिखट
पहिल्यांदा १७१? भारीच की राव!

जुनं_ते_सोनं
त्या चारांत हाय स्टँडर्ड होतं का?

चिंतोपंत
होतं. हात लावू दिला नाही.

चिंतोपंत
(आणखी आठ दिवसांनी)
घेतलं. मार्क ४ टार्गेट, पण पोलादी नाही, हलक्या फ्रेमचं. डॉट दिवाळी बोनसवर. तोवर चष्मेवाल्याकडे माशीच्या अंतराचा नंबर काढून घेतला. त्याला अंतर कशाचं ते सांगितलं नाही, 'हार्मोनियम वाजवतो' म्हणालो. परमिटचे थोडेच दिवस शिल्लक होते. सगळ्यांचे आभार.
पण आता नवीनच. काल शंभर मारल्या, त्यातल्या सात-आठ वेळा पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकली. पिस्तूल खराब निघालं का? परत देऊ?

ऑस्टिनकर
कॅनिक घेतलं असतंस तर…

मिनेसोटा_मावशी
गोळी कोणती वापरलीस? आणि नवीन पिस्तूल, आधी साफ केलंस का?

चिंतोपंत
गोळी म्हणजे पॉइंट टू-टू. त्यातही प्रकार असतात??