ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: नकाशावर ३५०० किमी, विमानाला पावणेदोन तासही नाहीत?

दांडियाबाजारकर:
घरच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे. त्यावर नॉर्वेतलं ट्रॉम्सो ते उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन फूटपट्टीने मोजलं आणि खालच्या प्रमाणपट्टीने गुणलं, तर साधारण ३५०० किमी येतं. विमानाच्या वेळापत्रकात मात्र १ तास ४० मिनिटांच्या आसपास दाखवतात. बडोदा–दिल्लीलाही जवळपास एवढाच वेळ लागतो! चूक कुठे आहे?

रेखांश_७३:
फूटपट्टीत. नकाशा मर्केटर पद्धतीचा दिसतो, म्हणजे ध्रुवांकडे जाताना प्रदेश ताणून मोठे दाखवणारा. त्यातली प्रमाणपट्टी फक्त विषुववृत्ताशी खरी. बडोद्याच्या अक्षांशावर अंतर जेमतेम ८ टक्के फुगतं, ट्रॉम्सोपाशी जवळजवळ तिप्पट आणि लाँगइयरब्येनपाशी पाचपट.

कागदावर असं काढा. विमानतळांचे अक्षांश ६९.६८ आणि ७८.२५ उत्तर, रेखांश १८.९२ आणि १५.४७ पूर्व. अक्षांशातला फरक ८.५७ अंश, गुणिले १११.२ म्हणजे ९५३ किमी. रेखांशातला फरक ३.४५ अंश; याला थेट १११ ने गुणू नका, बहुतेकांचं गणित इथेच फसतं. मधल्या ७४ अक्षांशाचा कोसाइन ०.२७६, म्हणून तिथला एक अंश फक्त ३०.७ किमीचा. ३.४५ अंशांचे झाले १०६ किमी. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या: सुमारे ९६० किमी.

ताशी ८०० ने सव्वा तास. उरलेली वीस-पंचवीस मिनिटं धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं यांची. वेळापत्रकातला वेळ गेट ते गेट असतो.

मांडवीचा_प्रवासी:
नुसतं गणित असेल तर ठीक, पण जायचा विचार असेल तर व्हिसा आधी बघा. स्वालबार्ड नॉर्वेचंच, पण शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसा क्षेत्राच्या, बाहेर. तिथे जायला व्हिसा लागत नाही हे खरं असलं तरी भारतीय पासपोर्टवाल्याच्या ते काही कामाचं नाही, कारण वाट नॉर्वेतूनच जाते. एकदा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा घेतलात तर जाताना तो संपतो आणि परतीला नॉर्वेत शिरता येत नाही. दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचाच मागा. देशांतर्गत उड्डाण समजून पासपोर्ट हॉटेलात ठेवू नका, ट्रॉम्सोला तपासणी होते.

परतीच्या पुढच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. धुकं किंवा आडवा वारा असला तर विमान न उतरता माघारी येऊ शकतं.

दांडियाबाजारकर:
धन्यवाद. आणि भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र लाँगइयरब्येनलाच ना?

रेखांश_७३:
नाही, ते स्वालबार्डमधल्याच न्यू-ओलेसुंदला, २००८ पासून. लाँगइयरब्येनहून वायव्येला ११० किमीच्या आसपास, म्हणजे बडोदा–अहमदाबाद धरा. पण रस्ता नाही. पंख्याचं छोटं डॉर्निअर पंचवीसेक मिनिटांत नेतं, तेही मुख्यतः तिथे काम करणाऱ्यांना. पर्यटक उन्हाळ्यात बोटीने जातात.